चुकाऱ्यातून कापलेले कर्ज: नागपूरच्या कापूस पट्ट्यातील एकाधिकार खरेदीचा प्रकरण अभ्यास

नागपूरहून सावनेरला पोहोचले की उत्तरेकडे जाणारे दोन रस्ते लागतात. एक सौंसरवरून छिंदवाड्याला जातो आणि दुसरा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे. दोन्ही रस्ते थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द ओलांडतात. हद्दीच्या दोन्ही बाजूंना जमीन तीच काळी, पीक तेच, आणि पुष्कळ घरांत बोलीही तीच. सोयरिकी तर पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या आहेत. १९७२ ते २००२ या तीस वर्षांत मात्र कापसापुरता या रेषेला दोन देशांच्या सीमेसारखा अर्थ आला होता. रेषेच्या अलीकडे वेचलेला कापूस कायद्याने एकाच खरेदीदाराला विकावा लागे, पलीकडे तो मनाला येईल त्या व्यापाऱ्याला विकता येई. सोयरा त्याच आठवड्यात कापूस कोणत्या भावाने विकून मोकळा झाला हे कळायला तारायंत्राची गरज नव्हती.

ही तीस वर्षांची व्यवस्था कशी उभी राहिली, का मोडली, आणि मोडताना तिच्याबरोबर आणखी काय मोडले, हा या अभ्यासाचा विषय आहे. विषय वरवर पाहता स्थानिक असला तरी त्याचे नाते दूरवर पोहोचते. १९८० आणि १९९० च्या दशकांत अनेक विकसनशील देशांनी, विशेषतः आफ्रिकेत, शेतमालाच्या सरकारी खरेदी मंडळांची मक्तेदारी संपवली. जागतिक बँकेच्या १९८१ च्या आफ्रिकेवरील अहवालापासून या धोरणाचा युक्तिवाद ठरून गेला होता: ही मंडळे शेतकऱ्याला जागतिक भावापेक्षा कमी देतात, मधला पैसा सरकारी यंत्रणेत जिरतो, आणि खरेदीदारांत स्पर्धा आली की शेतकऱ्याच्या पदरात अधिक पडेल. विदर्भात जवळपास हीच मांडणी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने केली, आणि ती कोणत्याही बँकेच्या अहवालापेक्षा कितीतरी धारदार मराठीत केली. त्यामुळे परक्यांच्या सल्ल्याने आपला घात झाला, असे सोपे उत्तर या प्रकरणात मिळत नाही. मागणी इथल्याच शेतकऱ्यांची होती, आणि माझ्या मते ती बहुतांशी रास्तही होती.

योजनेची घडण

महाराष्ट्र कच्चा कापूस (खरेदी, प्रक्रिया व पणन) अधिनियम १९७१ साली झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना अमलात आली. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक स्वतः यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे, म्हणजे कापूस पट्ट्यातलेच. योजनेमागचा राग जुना होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, वऱ्हाड-नागपूरचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना हवासा झाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. या शंभर वर्षांत पीक नगदी झाले, पण नगद शेतकऱ्याच्या हातात फार काळ टिकली नाही. पेरणीला सावकाराची उचल, वेचणीला व्यापाऱ्याचा काटा, काट्यावर कटती, म्हणजे वजनातली कपात, आणि आवक वाढली की पाडलेला भाव, हे चक्र कापूस पट्ट्यातल्या प्रत्येक घराला पाठ होते.

एकाधिकार योजनेने हे चक्र मुळातूनच तोडायचे ठरवले. खाजगी व्यापाऱ्याला कच्चा कापूस घेण्यास बंदी झाली. शासनाने ठरवलेल्या हमी दराने कापूस घ्यायचा, जिनिंग-प्रेसिंग करून रुईच्या गाठी आणि सरकी शेतकऱ्याच्या वतीने विकायची, आणि खर्च वजा जाता नफा झाला तर त्याचा मोठा भाग शेतकऱ्याला परत देऊन उरलेला चढ-उतार निधीत ठेवायचा, अशी ती रचना होती. वाईट हंगामात हाच निधी हमी दराला आधार देणार होता. सुरुवातीला हे काम राज्याच्या सहकारी पणन महासंघाकडे होते; १९८४ मध्ये त्यासाठी महाराष्ट्र राज्य सहकारी कापूस उत्पादक पणन महासंघ वेगळा झाला. नावात ‘सहकारी’ आणि ‘उत्पादक’ हे दोन्ही शब्द असले तरी दर आणि बोनस मंत्रालयात ठरत, हेही इथेच नोंदवले पाहिजे.

कागदावर या योजनेचे काम खरेदी आणि प्रक्रिया एवढेच दिसते. प्रत्यक्षात ती एक तिसरे कामही करत होती, आणि त्या कामाची चर्चा योजनेच्या समर्थकांनी केली नाही की विरोधकांनीही केली नाही. मृगाच्या आधी शेतकरी गावच्या सेवा सोसायटीकडून पीककर्ज घेई. सोसायटीला पैसा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडून मिळे. दसरा-दिवाळीच्या सुमारास, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन पहिला वेचा सुरू झाला की कापूस खरेदी केंद्रावर जाई, ग्रेडर प्रत ठरवी, काटा होई, आणि जी रक्कम निघे तिच्यातून सोसायटीचे येणे आधी वळते होऊन उरलेला चुकारा शेतकऱ्याच्या हाती पडे. खरेदीदार एकच असल्यामुळे कर्ज चुकवून कापूस दुसरीकडे घालण्याची वाट, निदान कायद्याने, बंद होती. बँकेच्या दृष्टीने शेतकऱ्याच्या जमिनीपेक्षा हे खरेदी केंद्र हेच खरे तारण होते. या तिसऱ्या कामाकडे पुढे परत यावे लागेल, कारण माझ्या मते या प्रकरणाचे मर्म तिथेच आहे.

हद्दीवरचा कापूस

योजनेचे पहिले मोठे दुखणे भूगोलाने दिले. महाराष्ट्रात देशातील कपाशीखालचे सर्वाधिक क्षेत्र, पण एकाधिकार फक्त महाराष्ट्रात. नागपूर जिल्ह्यातील नरखेड आणि सावनेर तालुक्यांना मध्य प्रदेश लागून, यवतमाळ-चंद्रपूरला तेव्हाच्या आंध्रातील आदिलाबाद लागून, खानदेशाला गुजरात लागून. बाहेर भाव चढा असला की कापूस रात्रीतून हद्द ओलांडे. नाक्यावर पकडला गेलेला शेतकरी स्वतःच्याच मालाचा तस्कर ठरे. स्वतः पेरलेले, निंदलेले, वेचलेले पीक वीस-पंचवीस किलोमीटर पुढे नेले म्हणून गुन्हा, ही गोष्ट शेतकऱ्याला कधीच पटली नाही. शेतकरी संघटनेच्या आंदोलनांना जो प्रतिसाद मिळाला त्याचे मूळ या अपमानात होते. डिसेंबर १९८६ मध्ये हिंगोलीजवळच्या सुरेगाव येथे कापूस आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर या योजनेला शेतकऱ्यांची योजना म्हणणे अनेकांना जड जाऊ लागले.

बाहेर भाव पडला की प्रवाह उलटा वाहे. तेव्हा हमी दर बाजारापेक्षा वर असे, आणि परप्रांतातला स्वस्त कापूस इथल्या कुणाच्या तरी सातबाऱ्यावर महासंघाच्या केंद्रावर येऊन पडे. ज्या व्यापाऱ्याला हद्दपार करण्यासाठी कायदा झाला होता, तो अशा रीतीने शेतकऱ्याच्या नावाने रांगेत उभा राहिला.

या दोन प्रवाहांचा एकत्र परिणाम पाहिला की तोटा हा कारभाऱ्यांच्या नालायकीचा किंवा भ्रष्टाचाराचाच भाग नव्हता हे लक्षात येते, जरी दोन्हींची उणीव नव्हती. तेजीच्या हंगामात ज्या कापसावर महासंघाला नफा व्हायचा तो हद्दीपार गेलेला असे, आणि मंदीच्या हंगामात आपल्या वाट्याहून अधिक कापूस चढ्या दराने घ्यावा लागे. चढ-उतार निधी चढावर भरत नसेल तर उतारावर रिकामाच राहणार. त्यात हमी दरावर आगाऊ बोनस देण्याचा राजकीय मोह भर घाली. दरवर्षी डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, आणि नेमका तोच कापसाचा ऐन हंगाम. त्यामुळे कापसाच्या भावाचा मोर्चा हा अधिवेशनाचा जवळजवळ नेमाचा कार्यक्रम झाला आणि बोनसची घोषणा हे त्याचे नेमाचे उत्तर. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून योजनेचा साचलेला तोटा हजारो कोटींच्या घरात पोहोचला.

प्रतवारीचे दुखणे कमी बोलले गेले, पण ते खोलवरचे होते. उदाहरणादाखल असे धरा की एका क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघते आणि दुसऱ्यातून ३६ किलो. रुईचा दर किलोला ५० रुपये धरला तर दोहोंत क्विंटलमागे १०० रुपयांचा फरक पडतो. दक्ष व्यापारी हा फरक मुठीत कापूस धरून ओळखतो आणि भावात दाखवतो. सरकारी केंद्रावर मात्र बहुतेक माल सरसकट प्रतीत जाई, कवडी आणि नख्या यांसारखा खराब माल मिसळलेल्याला आणि निवडून वेचलेल्याला जवळपास सारखाच दर मिळे. स्वच्छ वेचणीची मजुरी देऊनही भाव तोच, मग ती कोण देणार? महासंघाच्या गाठींना गिरण्या कमी भाव देऊ लागल्या यात नवल नव्हते. चुकाऱ्याला लागणारा उशीर हे आणखी एक दुखणे. हमी दर कितीही चांगला असला तरी तो आठवड्यांनी मिळणार असेल तर पोरीच्या लग्नाची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही.

२००२

एकाधिकार एकाच घावात संपला नाही. पण २००२-०३ च्या हंगामात खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली, आणि तेथून महासंघ हा अनेक खरेदीदारांपैकी एक झाला. पुढच्या काळात तो हमीभावाच्या खरेदीसाठी कधी नाफेडचा, कधी भारतीय कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा, अभिकर्ता म्हणून उरला. या निर्णयामागे तत्त्वापेक्षा तिजोरीची अवस्था अधिक होती. शेतकरी संघटनेने पंधरा-वीस वर्षे मागितलेले स्वातंत्र्य शासनाने दिले, पण ते देताना त्याला शेतकऱ्याच्या हक्काची जाणीव झाली होती असे म्हणता येत नाही. त्याला तोटा पेलवेनासा झाला होता. त्यामुळे निर्णयाला तयारी नव्हती.

आणि वेळ याहून वाईट सापडली नसती. जागतिक बाजारात कापसाचा कॉटलूक निर्देशांक १९९५ मध्ये पौंडाला एका डॉलरच्या वर गेला होता, तो २००१ च्या अखेरीस ४० सेंटच्या खाली आला. १९९४ पासून देशात कापसाची आयात खुली होती आणि आयात शुल्क कमी होते, त्यामुळे हा पडलेला भाव थेट विदर्भाच्या दारात आला. त्याच काळात अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरचे अनुदान देत होती. त्याविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ती जिंकली. २००३ च्या कानकुन परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी कापसाचा प्रश्न लावून धरला. भारताने या सर्व वर्षांत कापसाबाबत एवढा आवाज उठवला नाही, याचे कारण आपल्याकडे कापूस उत्पादकाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याहून वर, सूतगिरण्यांचे हित बसलेले असते.

२००२ मध्येच आणखी दोन गोष्टी घडल्या. मार्चमध्ये बीटी कपाशीच्या संकरित वाणांना केंद्राची मान्यता मिळाली, आणि बियाणे घरचे किंवा स्वस्त असण्याचा काळ संपत चालला. सुरुवातीच्या वर्षांत एका पाकिटाला दीड हजारांहून अधिक रुपये पडत आणि संकरित असल्यामुळे ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागे. बोंडअळीवरचा फवारणीचा खर्च पहिल्या वर्षांत खरोखर वाचला, हे मान्य करायला हवे. पण पेरणीच्या दिवशी हातात लागणारी रोकड वाढली, आणि तीही बहुतांश कोरडवाहू शेतात, जिथे पावसाने डोळे वटारले की पाकीट मातीत जाते. दुसरी गोष्ट नागपूरची. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील सरकारी रोख्यांचा सुमारे १५० कोटींचा गैरव्यवहार त्याच वर्षी उघड झाला, आणि जिल्ह्यातील पीककर्जाचा मुख्य झरा आटू लागला.

मोडलेला सांधा

आता त्या तिसऱ्या कामाकडे. खाजगी व्यापारी बाजारात आल्यावर शेतकऱ्याला चार गिऱ्हाइके मिळाली, आणि त्याच क्षणी सेवा सोसायटीची वसुलीची जागा नाहीशी झाली. व्यापारी रोख देतो. त्या रोकडीतून सोसायटीचे येणे कापून घेण्याचे त्याला काही कारण नसते. ही रोकड सगळ्यांना पुरेशी असती तर शेतकऱ्याने आपण होऊन सोसायटी फेडली असती, असे मानायला जागा आहे. पण ती पुरेशी नव्हती. भाव पडलेले, खर्च वाढलेला, आणि घेणेकरी अनेक. अशा वेळी जो घेणेकरी दारात येऊन उभा राहतो त्याचे आधी फिटते. सोसायटीचा सचिव दारात येत नाही. बियाणे-खते विकणाऱ्या कृषी केंद्राचा मालक येतो.

यातून जे घडले ते सावकाश घडले म्हणून नजरेत भरले नाही. सोसायटीचे कर्ज थकले की पुढच्या खरिपात नवे मिळत नाही. मग बियाणे, खत आणि फवारणीचे औषध कृषी केंद्रातून उधारीवर येते, आणि उधारीचा भाव रोखीच्या भावाहून चढा असतो. गावोगावी हाच उधारी देणारा माणूस, किंवा त्याचा भाऊ, कापसाची खेडा खरेदीही, म्हणजे गावातच खरेदी, करतो. म्हणजे पेरणीला उचल देणारा आणि वेचणीला माल घेणारा पुन्हा एकच झाला. १९७१ च्या कायद्याने जे चक्र तोडायचे ठरवले होते ते तीस वर्षांनी परत जुळले. मधल्या काळात फक्त वखारीच्या जागी दुकानाची पाटी आली.

मी याचा दोष खुल्या खरेदीला देत नाही. कर्जवसुलीचा सांधा एकाधिकाराच्या खुंटीला टांगलेला होता, खुंटी काढली आणि सांधा निखळला. नवी खुंटी ठोकण्याचे काम ना सहकार खात्याने केले, ना रिझर्व्ह बँकेने, ना ज्यांनी खुल्या बाजाराची मागणी केली त्यांनी. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांच्या मध्यवर्ती बँकांना पुढे बँकिंग परवान्यासाठीच झगडावे लागले. त्यांच्या ढासळण्यात गैरकारभाराचा मोठा वाटा आहे. पण सचोटीने चालवलेली बँकसुद्धा वसुलीच्या जागेशिवाय किती काळ टिकली असती, हा प्रश्न राहतोच.

२००४-०५ च्या हंगामापर्यंत महासंघ हमी दरावर बोनस देत होता. २००५-०६ मध्ये क्विंटलमागे ५०० रुपयांचा हा बोनस काढून घेतला गेला. केंद्राचा लांब धाग्याचा हमीभाव त्या दोन वर्षांत १९६० वरून १९८० रुपयांवर, म्हणजे अवघा वीस रुपयांनी, वाढला होता. पाच एकरांत वीस क्विंटल कापूस पिकवणाऱ्या कुटुंबाचा हिशेब केला तर आदल्या वर्षीचे ४९,२०० रुपये पुढच्या वर्षी ३९,६०० झाले, आणि ही कपात बियाण्याचा खर्च वाढलेला असताना झाली. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांची चर्चा देशभर पेटली ती याच सुमारास. प्रत्येक मृत्यूची कारणे वेगळी असतात आणि एका धोरणावर ती चिकटवणे अन्यायाचे ठरेल. तरी कर्ज, पीक आणि भाव हे तिन्ही एकाच कुटुंबावर एकाच वेळी कोसळण्याची शक्यता २००२ नंतर वाढली होती, एवढे या हिशेबातून दिसते. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हे ते सहा जिल्हे. नागपूर त्यात नव्हते, आणि काटोल-नरखेडच्या कास्तकारांना याचे वैषम्य पुष्कळ दिवस वाटत राहिले. २००८ च्या देशव्यापी कर्जमाफीत संपूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना मिळाली. सिंचित पश्चिम महाराष्ट्रात पाच एकर म्हणजे बरी शेती, कोरडवाहू विदर्भात पाच एकरांत संसार भागत नाही; त्यामुळे सात-आठ एकरांचा इथला गरीब शेतकरी नियमाच्या लेखी मोठा ठरला. आणि कृषी केंद्राची उधारी कोणत्याच माफीत बसत नव्हती.

झांबियाचा दाखला

हाच सांधा इतरत्र कसा मोडला आणि काही ठिकाणी कसा जोडला गेला, हे पाहिल्याशिवाय वरचे निदान पक्के होत नाही. झांबियात लिंटको ही सरकारी कंपनी कापूस उत्पादकांना बियाणे आणि औषधे उधार देई आणि खरेदीच्या वेळी त्याची वसुली करी. म्हणजे आपली सोसायटी आणि महासंघ एकाच छपराखाली. १९९४ मध्ये ती लोनरो आणि क्लार्क कॉटन या दोन कंपन्यांना विकण्यात आली. पहिली काही वर्षे उत्पादन वाढले. मग उधारी न देता नुसता कापूस घेणारे नवे खरेदीदार उतरले, शेतकरी एकाची उधारी घेऊन दुसऱ्याला माल विकू लागले, वसुली घसरली, आणि दशकाच्या अखेरीस लोनरोने हा धंदा सोडला. तिची जागा घेणाऱ्या डुनाव्हंट कंपनीने गावपातळीवर वितरक नेमले आणि त्यांचा मोबदला वसुलीच्या प्रमाणाशी बांधला. वसुली सुधारली, उत्पादनही काही वर्षे वाढत गेले. खाजगी कंपनीला जे उमगले ते आपल्या सहकार खात्याला का उमगू नये?

टांझानियानेही १९९४ मध्येच मक्तेदारी संपवली. तिथे शेतकऱ्याच्या भावातला वाटा वाढला, पण उधारीवरील निविष्ठांची, म्हणजे बियाणे-औषधांची, व्यवस्था कोलमडली आणि मालाची प्रत खालावली. पुढे शेतकऱ्याच्या विक्रीतून कपात करून पासबुकावर निविष्ठा देण्याची योजना आणावी लागली. बुर्किना फासोने वेगळी वाट धरली. सरकारी सोफिटेक्स कंपनीत १९९९ मध्ये उत्पादकांच्या संघटनेला ३० टक्के भाग देण्यात आला, आणि २००४ मध्ये देशाचे तीन विभाग करून दोन विभाग नव्या कंपन्यांना दिले गेले, प्रत्येक विभागात मात्र खरेदीदार एकच. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला हे अर्धवट वाटेल. पण उधारीचा सांधा टिकला आणि काही वर्षे तो देश आफ्रिकेतील आघाडीचा कापूस उत्पादक राहिला. मंदीत त्या कंपन्याही तोट्यात गेल्या, तेव्हा या वाटेलाही जागतिक भावापासून सुटका नव्हती. मला लक्षणीय वाटतो तो त्यातला ३० टक्क्यांचा आकडा. आपल्या महासंघाच्या नावात ‘उत्पादक’ होते; तिथे उत्पादक भागधारक होते.

अर्धाच उघडलेला बाजार

सुधारणेच्या समर्थकांचा एक आक्षेप इथे ऐकून घेतला पाहिजे, आणि तो खरा आहे. बाजार पूर्ण खुला झालाच नाही. जुलै २००१ पासून कापसाच्या निर्यातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले होते. पण एप्रिल २०१० मध्ये भाव चढू लागताच निर्यात नोंदणी थांबवण्यात आली, २०१०-११ च्या हंगामात निर्यातीला ५५ लाख गाठींची मर्यादा घातली गेली, आणि जागतिक भावाने २०११ च्या फेब्रुवारीमध्ये पौंडाला दोन डॉलरचा टप्पा ओलांडला तेव्हा त्याचा पुरता लाभ इथे पोहोचला नाही. ५ मार्च २०१२ रोजी निर्यातीवर सरळ बंदीच आली आणि आरडाओरड झाल्यावर आठवड्याभरात ती सैल करण्यात आली. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर आयात शुल्क बसले. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर जाताच ते काही महिन्यांसाठी उठवले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेच्या वाढीव आयात करामुळे कापड उद्योग अडचणीत आला तेव्हा, ११ टक्क्यांचे शुल्क पुन्हा वर्षअखेरपर्यंत माफ झाले, म्हणजे नेमके नवा कापूस बाजारात येण्याच्या महिन्यांत. एकाधिकाराच्या काळात सावनेरची हद्द अडवत असे. आता मुंबईचे बंदर अडवते, आणि तेही तेजीतच.

खुल्या खरेदीने जे दिले तेही कमी लेखू नये. २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाच्या अनुदानातून जिनिंग कारखाने सुधारले, आणि व्यापाऱ्यांच्या स्पर्धेमुळे स्वच्छ कापसाला थोडा का होईना जास्त दर मिळू लागला. काट्यावरून उतरताच पैसे मिळतात. नाक्यावरची रात्रीची पळापळ संपली, आणि स्वतःच्या मालाचा मालक असल्याची भावना ही हिशेबात न बसणारी पण खरी कमाई आहे. ज्यांना जमले त्यांनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमी करून सोयाबीन धरले, काटोल-नरखेडकडे संत्रा वाढला. पण संत्र्याला पाणी लागते आणि बाग फळावर येईपर्यंत चार-पाच वर्षे थांबण्याची ऐपत लागते. ती ज्यांच्याकडे नव्हती ते कापसातच राहिले.

२०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये ठरला. सीसीआयच्या केंद्रावर कापूस न्यायचा तर आधी नोंदणी लागते, सातबाऱ्यावर पीकपेरा लागतो, ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि पैसे काही दिवसांनी आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. ओलावा नियमात बसवायचा तर कापूस घरात पसरून वाळवावा लागतो, आणि ज्याच्या दोन खोल्यांच्या घरात आधीच गंजी लागली आहे त्याला ते जमत नाही. पत्रकार आणि अभ्यासक दरवर्षी विचारतात की हमीभाव जाहीर असताना हा शेतकरी त्याहून पाच-सातशे कमी दराने दारातल्या व्यापाऱ्याला कापूस का घालतो, आणि उत्तरादाखल त्याच्या अज्ञानाचे किंवा केंद्रे उशिरा उघडल्याचे कारण देतात. केंद्रे उशिरा उघडतात हे खरे आहे. पण वेळेवर उघडलेल्या केंद्राच्या रस्त्यावरूनही गाड्या परत वळतात, कारण जूनमधल्या पाकिटांची आणि खताच्या पोत्यांची उधारी ज्याच्या वहीत आहे तो व्यापारी त्या गाडीची वाट पाहत असतो, आणि सोसायटीच्या वहीत या शेतकऱ्याच्या नावापुढे गेली अनेक वर्षे ‘थकबाकीदार’ असे लिहिलेले असते.